गणित आणि दृक्‌प्रत्यय : काशीचे मराठी ज्योतिर्विद आणि क्ष-किरणांचे आकाश

काशी आणि महाराष्ट्र यांच्या ऋणानुबंधाची हकीकत निघाली की प्रथम आठवतात ते घाट, मंदिरे आणि शास्त्रीमंडळी. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट, विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाई, भदैनीत जन्मलेली आणि पुढे झाशीची राणी झालेली मनू, ब्रह्मघाट-दुर्गाघाटावरील वैदिकांची घराणी, या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. परंतु या ऋणानुबंधाचा एक धागा आकाशाशी जोडलेला आहे. तो सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या तीरावरून गंगेच्या तीरावर आला, विश्वविद्यालयाच्या गणित विभागातून गेला आणि आज पृथ्वीभोवती फिरणाऱ्या भारतीय उपग्रहांपर्यंत पोहोचला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्या धाग्याची नोंद असावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखक विज्ञानाचा पदवीधर नाही. कलाशाखेची पदवी आणि केंद्र सरकारच्या सेवेतील तीस वर्षे हेच त्याचे भांडवल. तथापि आपल्या ज्योतिषशास्त्रातील एक शब्द असा आहे की तो समजण्यास पदवीची आवश्यकता नाही. तो शब्द म्हणजे दृक्‌प्रत्यय. गणिताने काढलेले ग्रहाचे स्थान आणि प्रत्यक्ष आकाशात डोळ्यांस दिसणारे स्थान यांचा मेळ बसला, तर गणितास दृक्‌प्रत्यय आला असे आपले पूर्वसूरी म्हणत. मेळ बसला नाही, तर आकाश चुकले असे म्हणता येत नाही. गणितात संस्कार करावा लागतो. पुढील सर्व हकीकत या एका शब्दाच्या आधाराने वाचावी, अशी वाचकांस विनंती आहे.

गोदातीराहून गंगातीरी

गोदावरीच्या उत्तर तीरावर गोलग्राम नावाचे गाव होते. तेथील एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ज्योतिषाचे अध्ययन चालत असे. या घराण्यातील दिवाकर हे ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञांचे शिष्य. पुढे हे घराणे काशीस आले आणि त्याच घराण्यातील कमलाकर याने शके १५८० म्हणजे इसवी सन १६५८ मध्ये ‘सिद्धांततत्त्वविवेक’ हा ग्रंथ काशीत पूर्ण केला. ध्रुवतारा अचल आहे, अशी सर्वसाधारण समजूत. लग्नात वधूला ध्रुव दाखवितात तोही त्याच्या अढळपणासाठी. कमलाकराने मात्र ध्रुवतारा पूर्णपणे स्थिर नाही, तोही किंचित फिरतो, असे स्पष्ट नमूद केले. हे लिहिण्यास दृष्टी आणि धैर्य दोन्ही लागतात.

परंतु इतिहास लिहिताना एकच बाजू सांगणे योग्य नव्हे. हाच कमलाकर सूर्यसिद्धांताचा कट्टर अभिमानी होता. सूर्याने सांगितलेल्या ग्रंथात मनुष्याने दुरुस्ती करणे त्यास मान्य नव्हते आणि याच अभिमानापोटी त्याने भास्कराचार्यांवरही टीका केली. पाहण्याची हौस आणि ग्रंथावरील निष्ठा यांची ओढाताण एकाच माणसाच्या ठिकाणी कशी असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दशाश्वमेधाजवळच्या मानमंदिर घाटावर अंबरच्या राजा मानसिंहाने बांधलेला वाडा आहे. त्याच्या गच्चीवर अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने वेधयंत्रे बसविली. चुन्या-दगडांचे सम्राटयंत्र, नाडीवलय, दिगंशयंत्र ही मंडळी आजही पाहता येतात. या यंत्रांत भिंग नाही, दुर्बीण नाही. आहे ती केवळ सावली, कोन आणि मनुष्याचा डोळा. नुसत्या डोळ्याने दृक्‌प्रत्यय घेण्याची जी परमावधी, ती या गच्चीवर उभी आहे असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात या परंपरेत बापूदेव शास्त्री आले. मूळ नाव नृसिंह, आडनाव परांजपे, जन्म १८२१ चा. नागपुरास शिकत असताना लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याची नजर या बुद्धिमान विद्यार्थ्यावर गेली. त्याने त्यांना सिहोरला नेले आणि १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांनी केलेला सूर्यसिद्धांताचा इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मानमंदिरातील यंत्रांवरही त्यांनी लिहिले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, प्राचीन ग्रंथांचा एवढा अधिकारी पंडित असूनही त्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे आकाशाशी जुळणारे पंचांग काढले. ज्या नगरीत परंपरेचा शब्द अखेरचा मानला जाई, त्या नगरीत एका मराठी शास्त्र्याने परंपरेहून आकाशाला अधिक मान दिला. कमलाकराच्या ठिकाणी जी ओढाताण होती, ती बापूदेवांनी दृक्‌प्रत्ययाच्या बाजूने सोडविली.

विश्वविद्यालयातील फळा

१९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयाची स्थापना केली आणि देशभरातून गुणी माणसे वेचून आणली. त्यांत कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर होते. मुंबईच्या विज्ञान संस्थेतून ते केंब्रिजला गेले, तेथे रँग्लर झाले आणि १९३२ मध्ये पंचविशीही न ओलांडलेला हा तरुण काशीस गणित विभागाचा प्रमुख म्हणून आला. १९६० पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी हा विभाग सांभाळला. आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत त्या काळी जगातही थोडे लोक शिकत आणि शिकवीत असत. त्या विषयाचे भारतातील एक प्रमुख अभ्यासकेंद्र नारळीकरांनी काशीत उभे केले.

या केंद्राकडे दुरून विद्यार्थी येत. १९४२ मध्ये गुजरातेतून प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचे तरुण गणिती पत्नी आणि तान्ह्या मुलीसह काशीस आले आणि शिलकीवर गुजराण करीत सुमारे दहा महिने नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत राहिले. त्यांच्यापुढील प्रश्न असा होता. कार्ल श्वार्झशिल्ड याने १९१६ मध्ये ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे उत्तर दिले होते, ते प्रकाश न टाकणाऱ्या, निवांत पडलेल्या गोळ्याचे होते. खरा तारा तर सतत प्रकाश ओतीत असतो आणि त्या प्रकाशाबरोबर त्याचे वस्तुमानही घटत असते. आपला सूर्यच दर सेकंदास सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने उधळतो. अशा प्रकाशमान ताऱ्याच्या भोवतीचे गणित कसे मांडावे? वैद्यांनी ते मांडले आणि १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगभर ते आज वैद्य यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या वेळी मात्र त्याचा उपयोग कोणास फारसा दिसला नाही. सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत हा संस्कार इतका सूक्ष्म की तो मोजणेही अशक्य.

दुसरे नाव के. आर. करमरकर यांचे. नारळीकरांबरोबर संशोधन करणाऱ्या या गणितज्ञाने १९४८ मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील कल्पना घरगुती दाखल्याने सांगता येईल. मडक्याचा पृष्ठभाग वक्र असतो. त्यावर चालणाऱ्या मुंगीच्या दृष्टीने जग दोन मितींचे आणि वाकलेले. परंतु ते मडके ज्या खोलीत ठेवले आहे ती खोली तीन मितींची आणि सरळ आहे. म्हणजे वक्र वस्तू एक मिती वाढवून सरळ अवकाशात बसविता आली. आइन्स्टाइनच्या मते ताऱ्याभोवतीचे चार मितींचे अवकाश-काल असेच वाकलेले असते. ते पाच मितींच्या सरळ अवकाशात बसवावयाचे असेल तर कोणती अट पाळली गेली पाहिजे? गोलाकार ताऱ्यासाठी करमरकरांनी ती अट शोधून काढली. तीच ‘करमरकर अट’ होय. १९८० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पांडे आणि शर्मा या अभ्यासकांनी तिला आवश्यक अशी एक पुरवणी जोडली.

सरकारी भाषेत सांगावयाचे तर काशीत टिपणी तयार झाली होती, जागेवरील पाहणीचा अहवाल अद्याप यावयाचा होता. ज्या ताऱ्यांवर या गणिताची कसोटी लागावी इतके प्रखर गुरुत्वाकर्षण असलेले तारे १९४८ मध्ये कोणी पाहिलेलेच नव्हते. अशा ताऱ्यांची कल्पना मात्र होती. बाडे आणि झ्विकी या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये असे सुचविले होते की, प्रचंड तारा स्फोट पावून सुपरनोव्हा होतो तेव्हा त्याचा गाभा दडपून न्यूट्रॉन कणांचा अतिघन गोळा उरत असावा. सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान आणि त्रिज्या अवघी दहा-बारा किलोमीटर! रामनगरचा किल्ला केंद्र धरला तर सारनाथच्या स्तूपापर्यंत त्याचा परीघ पोहोचेल, एवढाच तो तारा. इतकी लहान वस्तू हजारो प्रकाशवर्षे अंतरावरून दिसणार कशी, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच होता.

डोळ्यांस न दिसणारा प्रकाश

उत्तर आले ते क्ष-किरणांकडून. रंटगेनने १८९५ मध्ये शोधलेले हे किरण आपण रुग्णालयात हाड मोडले की आठवतो. एखादा वायू लाखो अंश तापला, किंवा अत्यंत वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरू लागले, की क्ष-किरण बाहेर पडतात. अर्थात विश्वातील सर्वांत उग्र घडामोडींचा तो प्रकाश. परंतु पृथ्वीचे वातावरण हे किरण वरच्या वर शोषून घेते. ते तसे करते म्हणूनच आपण जिवंत आहोत. पण त्यामुळेच मानमंदिराच्या गच्चीवरून किंवा जगातील कोणत्याही वेधशाळेतून हे आकाश दिसणे शक्य नव्हते. त्यासाठी यंत्रच वातावरणाच्या वर नेणे भाग होते.

१८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतून एक अग्निबाण सोडला. जेमतेम पाच-सहा मिनिटे तो वातावरणाच्या वर होता. तेवढ्या अवधीत वृश्चिक राशीच्या दिशेने क्ष-किरणांचा झोत येत असल्याचे आढळले. सूर्यमालेबाहेरील क्ष-किरणांचा हा पहिला शोध. जियाकोनी यांस त्याबद्दल २००२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

लवकरच वृषभ राशीतील क्रॅब अभ्रिकेतूनही क्ष-किरण येत असल्याचे दिसले. ही अभ्रिका म्हणजे इसवी सन १०५४ मध्ये चिनी ज्योतिषांनी भर दिवसा पाहिलेल्या स्फोटाचा अवशेष. अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे. क्ष-किरण अभ्रिकेतील एका बिंदूतून येतात की साऱ्या ढगातून, हे त्या वेळच्या यंत्रांना ओळखता येत नव्हते. येथे चंद्र मदतीस आला. ७ जुलै १९६४ रोजी चंद्र क्रॅब अभ्रिकेवरून जाणार होता. हर्बर्ट फ्रीडमन यांनी नेमक्या त्याच मिनिटांना अग्निबाण सोडला. बिंदू असता तर चंद्राआड जाताच किरण एकदम विझले असते. ते हळूहळू मंदावले. म्हणजे क्ष-किरण पसरट ढगातून येत होते. ग्रहणाचा आणि पिधानाचा काळ क्षणापर्यंत काढण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या आपल्या जुन्या ज्योतिर्विदांस ही युक्ती फार आवडली असती.

पण याने एक नवेच कोडे उभे राहिले. क्ष-किरण टाकणारा इलेक्ट्रॉन आपली शक्ती थोड्याच वर्षांत गमावून बसतो. स्फोट होऊन तर नऊशे वर्षे लोटली. मग दिव्यात तेल घालीत आहे कोण? उत्तर काही वर्षांतच मिळाले. १९६७ च्या अखेरीस केंब्रिजमधील संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल हिला नियमित ठोके देणारा पहिला रेडिओ-तारा सापडला. अशा ताऱ्यांस स्पंदक किंवा पल्सार म्हणतात. १९६८ मध्ये क्रॅबच्या मध्यभागी सेकंदास सुमारे ३० ठोके देणारा स्पंदक आढळला आणि १९६९ मध्ये अग्निबाणावरील यंत्रांनी त्याचे क्ष-किरणांतील ठोकेही टिपले. दीपस्तंभाचा झोत फिरावा तसा हा न्यूट्रॉन तारा फिरत होता. त्याची गती दररोज किंचित मंदावते; एका फेरीस लागणारा वेळ सेकंदाच्या अब्ज भागांपैकी सुमारे ३६ भागांनी दररोज वाढतो. तेवढ्या मंदावण्यातून जी शक्ती सुटते ती लाखभर सूर्यांच्या तेजाएवढी आहे. दिव्यातील तेलाचा हिशोब लागला. बाडे आणि झ्विकी यांच्या कल्पनेस पस्तीस वर्षांनी दृक्‌प्रत्यय आला.

ताऱ्याचे वजन

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून केवळ क्ष-किरणांच्या वेधासाठी बनविलेला पहिला उपग्रह सोडण्यात आला. त्याचे नाव उहुरू, म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. मिनिटांचे वेध आता वर्षांचे झाले. १९७१ मध्ये या उपग्रहास नरतुरंग तारकासमूहात ४.८ सेकंदांनी ठोका देणारा क्ष-किरण स्पंदक सापडला आणि पाठोपाठ शौरी तारकासमूहात १.२४ सेकंदांचा दुसरा. पहिला दर २.१ दिवसांनी आणि दुसरा दर १.७ दिवसांनी काही काळ नाहीसा होई. कारण उघड होते. हे न्यूट्रॉन तारे एकटे नव्हते. मोठ्या सोबती ताऱ्याभोवती फिरत होते आणि त्याच्या आड गेले की त्यांना ग्रहण लागत होते. सोबत्याकडून ओढलेला वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर कोसळताना तापतो आणि क्ष-किरण टाकतो.

या जोडताऱ्यांनी एक अमोल संधी दिली. स्पंदक आपल्याकडे येताना ठोके थोडे दाटतात, दूर जाताना विरळ होतात. त्यावरून त्याचा वेग कळतो. ग्रहणाच्या अवधीवरून कक्षेचा कल कळतो. सोबत्याचा वेग दुर्बिणीने मिळतो. या तिन्हींवरून न्यूट्रॉन ताऱ्याचे चक्क वजन काढता येते. कोट्यवधी मैलांच्या कक्षेतील वस्तू तराजूत घातल्याप्रमाणे तोलावी, असा हा प्रकार आहे.

आणि येथेच काशीतील जुने गणित पुन्हा पुढे आले. न्यूट्रॉन ताऱ्याच्या अंतर्भागाचे आइन्स्टाइनच्या पद्धतीने वर्णन करावयाचे तर दोन अज्ञात फले लागतात. करमरकर अट मानली की एक ठरविताच दुसरे आपोआप मिळते. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातील आणि भारताबाहेरील कितीतरी गणितज्ञांनी या अटीवर आधारलेली ताऱ्यांची प्रतिमाने तयार केली. त्यांची परीक्षा ते कशावर घेतात? नरतुरंगातील आणि शौरीतील याच क्ष-किरण स्पंदकांच्या आणि व्हेला एक्स-१ सारख्या त्यांच्या भाईबंदांच्या मोजलेल्या वजनांवर! ही प्रतिमाने म्हणजे अंतिम सत्य नव्हे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात द्रव्य नेमक्या कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न आजही खुलाच आहे. तथापि ज्या काळी असा एकही तारा ठाऊक नव्हता, त्या काळी मांडलेले सूत्र आज त्या ताऱ्यांच्या अभ्यासात रोजच्या वापरात आहे, ही गोष्ट लहान नव्हे. वैद्यांच्या गणिताचेही तसेच झाले. १९६३ नंतर क्वासार, कोसळणारे तारे, कृष्णविवरे यांचा विचार सुरू झाला आणि वीस वर्षे कपाटात पडलेला निबंध जगभर उघडला गेला.

भारताची दृष्टी

टिपणी काशीतील, पाहणीची साधने मात्र इतर शहरांत तयार झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. व्ही. श्रीकंठन यांच्या नेतृत्वाखाली १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून प्रचंड बलून आकाशात सोडून क्ष-किरणांचे वेध घेणे सुरू झाले. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणावरून भारताचा पहिला उपग्रह आर्यभट गेला, त्यावरही क्ष-किरणांचे एक उपकरण होते. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे त्याचे काम चार-पाच दिवसांतच थांबले. आपल्या मंडळाचे आणि भारतीय क्ष-किरण उपग्रहांचे वय असे जवळजवळ सारखेच आहे. २१ मार्च १९९६ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या एका दूरसंवेदन उपग्रहावर या विषयाचे उपकरण पुन्हा गेले आणि या वेळी ते चांगले चालले.

या हकीकतीत काशीत वाढलेला एक मुलगा येतो. वैद्य काशीस आले तेव्हा नारळीकरांच्या घरी चार वर्षांचा जयंत होता. त्याचे शिक्षण येथील सेंट्रल हिंदू स्कूलमध्ये आणि विश्वविद्यालयात झाले. घरात वडिलांनी फळे लावले होते. मोरूमामा हुजूरबाजार त्या फळ्यावर भाच्यासाठी आव्हानाचे गणित लिहून ठेवीत आणि उत्तर सापडेपर्यंत ते पुसले जात नसे. १९५७ मध्ये काशीची पदवी घेऊन जयंत नारळीकर केंब्रिजला गेले. तेथे वडिलांप्रमाणेच रँग्लर झाले. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. १९७२ मध्ये ते भारतात परतले आणि १९८८ मध्ये पुण्यास ‘आयुका’ या संस्थेची स्थापना झाली. तिचे ते संस्थापक-संचालक. डॉ. नारळीकर स्वतः सिद्धांताचे अभ्यासक. क्ष-किरणांचे वेध घेणारे नव्हेत. परंतु लहान-मोठ्या सर्व विद्यापीठांतील शिक्षकांस आणि विद्यार्थ्यांस उत्तम साधने मिळावीत, हा त्यांचा आग्रह होता आणि आयुकाची उभारणी त्याच पायावर झाली.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताची खगोलीय वेधशाळा ‘ॲस्ट्रोसॅट’ पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर गेली. तिच्या पाच उपकरणांपैकी कठीण क्ष-किरणांचे चित्रण करणाऱ्या उपकरणात टाटा संस्थेबरोबर आयुकाचा मोठा वाटा होता. हे उपकरण सुरू केल्यावर प्रथम कोठे वळविले गेले? क्रॅब अभ्रिकेकडे. पुढे सुमारे दीड वर्ष घेतलेल्या वेधांवरून क्रॅब स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजण्यात आले. ध्रुवण म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा ठरावीक असणे. चुंबकीय क्षेत्राची ठेवण त्यावरून समजते. संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अनपेक्षित होता. दीपस्तंभाचा झोत आपल्याकडे नसतो त्या अवधीत ध्रुवण स्थिर राहील अशी अपेक्षा. ते त्या अवधीतही बदलताना दिसले. प्रचलित सिद्धांतांपुढे हे एक आव्हान होय. गणित आणि आकाश यांचा मेळ पुन्हा एकदा तपासावयास निघाला.

१ जानेवारी २०२४ रोजी मुख्यतः क्ष-किरणांच्या ध्रुवणासाठीच बनविलेला ‘एक्सपोसॅट’ हा भारतीय उपग्रह सुटला. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या उपकरणाने त्याच महिन्यात क्रॅबचे ठोके टिपले. दुसऱ्या उपकरणाने ५ जानेवारीस शर्मिष्ठा तारकासमूहातील ‘कॅसिओपिया ए’ या सुपरनोव्हा-अवशेषाचा वर्णपट घेतला. त्यात मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, आर्गॉन, कॅल्शियम आणि लोह यांच्या खुणा स्पष्ट आढळल्या. आपल्या हाडांतील कॅल्शियम आणि रक्तातील लोह अशाच भट्ट्यांतून आलेले आहे.

हा अवशेष सुमारे ११,००० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचला तो अदमासे १६८० च्या सुमारास, म्हणजे कमलाकराच्या ग्रंथानंतर वीस-बावीस वर्षांनी. तरीही त्या प्रकाशाची निःशंक नोंद काशीत नाही, युरोपात नाही आणि चीनमध्येही नाही. स्फोट बहुधा धुळीच्या पडद्याआड मंद दिसला असावा. साध्या डोळ्यांस जे निसटले ते साडेतीनशे वर्षांनी क्ष-किरणांच्या डोळ्याने वाचले.

समारोप

या हकीकतीचा अर्थ काय घ्यावयाचा? आमच्या ग्रंथांत सर्व काही आधीच होते, असे म्हणण्याचा मोह अशा प्रसंगी होतो. तो टाळला पाहिजे. कमलाकरास न्यूट्रॉन तारा ठाऊक नव्हता, बापूदेवांस क्ष-किरण ठाऊक नव्हते आणि करमरकरांसही आपल्या सूत्राची कसोटी कोणत्या ताऱ्यांवर लागेल हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंपरा म्हणून जर काही या सर्वांत समान असेल तर ती चोख गणित मांडण्याची आणि त्यास आकाशाचा निवाडा मान्य करण्याची. या परंपरेत मराठी माणसांबरोबर गुजराती वैद्य आहेत, कर्नाटकचे श्रीकंठन आहेत, मालवीयजींची दृष्टी आहे आणि केंब्रिजचे शिक्षणही आहे. काशीचे मोठेपण असे सर्वांना एकत्र आणण्यातच आहे.

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर पुण्यास निवर्तले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातील चार नगरांपैकी पहिले बनारस. त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या म्हणून तो फळा आज आपणांस ठाऊक आहे. परंतु विश्वविद्यालयात आणि संस्कृत महाविद्यालयात आयुष्य वेचलेल्या कितीतरी मराठी अध्यापकांच्या वह्या, पत्रे आणि पंचांगांच्या प्रती जुन्या वाड्यांतील माळ्यांवर पडून असतील. घरे विकली जात आहेत, मंडळी पुण्या-मुंबईस जात आहेत आणि रद्दीवाला कोणताही कागद ओळखत नाही. मंडळाने पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी हे कागद गोळा करून विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करण्याचे काम हाती घ्यावे, अशी नम्र सूचना येथे करावीशी वाटते. वैद्यांचा निबंध वीस वर्षे वाट पाहू शकला, याचे कारण तो छापलेला होता.

दुसरी सूचना लहान आहे. कोजागरीस आपण गच्चीवर जमतो, दूध आटवितो, गाणी म्हणतो. त्या रात्री मुलांना ईशान्येकडील शर्मिष्ठेचे पाच तारे आणि उशिरा उगवणारी वृषभ रास दाखवावी. तेथे जे अवशेष आहेत ते साध्या डोळ्यांना दिसणार नाहीत, हेही सांगावे. ॲस्ट्रोसॅटचे वेध ठरावीक मुदतीनंतर सर्वांस खुले केले जातात. काशीतील विद्यार्थी आपल्या खोलीत बसून ते उतरवून घेऊ शकतो. आपल्या मुलांपैकी एखाद्याने तसे केले, तर गोलग्रामाहून निघालेला धागा या नगरीत पुढे चालू राहील.